काळ्या लाकडाची पेटी

सिदू गेला, आणि त्याच्या बापानं, कोंडीबानं, आपली सुतारकीची हत्यारं पोत्यात बांधून आढ्याला टांगून टाकली. उभी हयात त्यानं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांचं सागवानी काम केलं होतं. म्हातारपणी पोराजवळ राहावं म्हणून तो सोलापूरला आला, स्टेशनापलीकडच्या वस्तीत, रुळाकाठच्या दोन खोल्यांत. सिदू रुळाच्या टोळीत गँगमन होता. त्या पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि आठवडा उलटायच्या आत होत्याचं नव्हतं झालं.

घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली. बजाबाईच्या माहेरच्यांनी टेंभुर्णीहून दोनदा निरोप धाडला, पोरीला घेऊन जातो म्हणून. ती गेली नाही. म्हाताऱ्याला भाकरी कोण थापून घालणार? पण एका छपराखाली राहूनही दोघांचं बोलणं असं नव्हतंच. ‘मामंजी, जेवता का?’ आणि ‘व्हय, वाढ’ एवढ्यावर दिवस सरायचा. दोघांना जोडणारा माणूस सिदू, आणि त्याचंच नाव काढायचं दोघांनाही भ्या वाटायचं.

बजाबाईनं घर कोंबड्यांवर चालवलं होतं. आईनं दिलेल्या एका तलंगीपासून तिनं खुराडंभर कोंबड्या केल्या होत्या. अंडी ती स्टेशनासमोरच्या खानावळीच्या चाचांना विकायची, काही गार्ड लोकांच्या बंगल्यांवर. अडचण एकच होती. रातच्याला कोंबड्या डालग्याखाली झाकता येत, पण अंडं घालायला त्या मनाला येईल तिथं जात. कधी चुलीमागच्या राखेत, कधी शेजारच्या नागव्वाच्या शेण्यांच्या ढिगात. निम्मी अंडी मुंगसाच्या पोटात जायची.

“एकादी धड पेटी असती तर,” एका सकाळी फुटलेलं अंडं हातात धरून ती नुसतीच बोलली. कुणाला उद्देशून बोलली नव्हती. कोंडीबा दारात बसून रुळाकडं बघत होता.

दुपारी तो उठून गेला. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर काळ्याकुट्ट लाकडाचे जाड तुकडे होते. लायनीची दुरुस्ती चालली होती, आणि रुळाखालची जुनी लाकडं, ज्यांना वस्तीतले लोक सिलिपाट म्हणत, काढून ढिगाला टाकली होती. टोळीच्या मुकादमानं त्यातले चिरलेले तुकडे त्याला नेऊ दिले होते. कोंडीबानं ते अंगणात टाकले, स्टुलावर चढला आणि आढ्याचं पोतं सोडलं.

बजाबाई दळण टाकून बघत राहिली.

पुढचे कितीतरी दिवस अंगणात करवतीचा आवाज होता. मिलचा सकाळचा भोंगा झाला की म्हातारा कामाला लागायचा आणि भाकरी मागून घ्यायचा, आग्रह करावा लागायचा नाही. हातांवर तांबडे चट्टे उठले. तो म्हणाला, “हात मऊ पडल्यात म्हातारपणी. सवय मोडली की असंच हुतं.” बजाबाईनं खोबरेल दिलं, त्यानं चोळलं आणि परत रंधा घेतला.

पेटी झाली ती बघण्यासारखी. तीन खण, पुढं बसायला दांडी, वर उतरतं झाकण. एक खिळा कुठं वर आलेला नाही. कोंडीबानं पेटी भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

“ह्याला वाळवी लागायची न्हाय,” तो म्हणाला. “आगगाडी पेललेलं लाकूड हाय हे. मुकादम म्हनला, हा पट्टा सिदूच्या टोळीनंच टाकलेला. म्हंजी आपल्या पोराचा हात लागलाय ह्याला.”

सिदू गेल्याला सहा महिने होत आले होते, त्याच्या तोंडून पोराचं नाव पहिल्यांदा निघालं होतं.  बजाबाईनं खणात गवत अंथरलं, आणि आईनं दिलेली ती पहिली तलंग, जी आता मोठी करडी कोंबडी झाली होती, तिला उचलून मधल्या खणात बसवली.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडली, थंडी गेली आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं. तेव्हा पेटीला घाम सुटू लागला.

आधी बजाबाईला वाटलं, पाणी सांडलं असेल. बोट लावून बघितलं तर काळं, चिकट तेल. नाकात झणका गेला. दुपारी पेटीशेजारी उभं राहवत नव्हतं. मग कोंबड्या लंगडू लागल्या. तळपायांची कातडी सोलली होती. करडी अंडी उबवायला, रवणाला बसली होती. तिला उचलून पाहिली तर पोटाखालची पिसं झडून कातडं लालबुंद झालेलं. दोन दिवसांनी ती स्वतःच अंडी सोडून उठली आणि कोपऱ्यात मान पाडून बसली.

त्याच आठवड्यात खानावळीच्या चाचांनी टोपली परत केली. भला माणूस, आवाज न चढवता म्हणाले, “बाई, नाराज नको होऊ. अंडे को डांबर की बास आ री. गिऱ्हाईक ताट सोडून उठ्या.”

बजाबाई टोपली घेऊन परत आली ती सरळ नागव्वाकडं. नागव्वा अक्कलकोटकडची, बोलण्यात कानडी हेल, मनात आलं की ओठांवर आलंच. तिनं एक अंडं नाकाशी धरलं.

“अव्वा, त्या लाकडात औषद मुरवलंय की, वाळवी मरावी म्हनून. वाळवी मरती तितं कोंबडी कशी जगंल? सांग म्हाताऱ्याला.”

“कसं सांगू?”

“तोंडानं सांग. आनि कशानं?”

पण बजाबाईला ते आधीच ठाऊक होतं, आणि तेच तिला खात होतं. सिदू सिलिपाट वाहून घरी यायचा तेव्हा त्याचे खांदे असेच लाल व्हायचे. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की चुलीतला निखारा ठेवल्यासारखी आग. ती दार लावून त्याच्या खांद्यांना खोबरेल चोळायची. पेटीला पहिल्यांदा घाम आला तेव्हाच तिच्या नाकानं तो वास ओळखला होता, सिदूच्या सदऱ्याचा वास. आणि म्हातारा रोज त्याच पेटीवरून हात फिरवत होता. सिदू गेल्यावर त्यानं हातात घेतलेलं हे पहिलं काम. ते वाईट आहे असं त्याच्या तोंडावर म्हणायचं?

तिनं नागव्वाशी ठरवलं. कोंबड्या उजाडताच तिच्या पडवीत न्यायच्या, टोपल्यांत गवत घालून तिथंच अंडी घालू द्यायची. आणि म्हातारा झाडलोट करून पेटीकडं जायच्या आत बजाबाईनं त्यातली आदल्या दिवसाची थोडी अंडी आणून काळ्या खणांत ठेवायची.

कोंडीबा झाकण उघडायचा आणि एकेक अंडं उचलून ओंजळीत धरायचा. “बग की, पोरी. घालत्यात का न्हाय?” त्याच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून ती नजर दुसरीकडं वळवायची. खोटं तिला नवं नव्हतं, बाई माणसाला घर चालवताना थोडंफार बोलावं लागतंच. पण ह्या खोट्याला रोज सकाळी उठून हातानं मांडावं लागत होतं. करडी तर बरी होईना. नागव्वा तिच्या पोटाला हळद-तेल लावायची, मांडीवर घेऊन पाणी पाजायची. एके दिवशी ती नागव्वाच्या मांडीवरच गेली. बजाबाईनं तिला परसात पुरलं. सासऱ्याला सांगितलं, “मुंगसानं धरली.”

असं अजून किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका संध्याकाळी कोंडीबा हसतच घरात आला.

“मुकादमाच्या घरी पेटी पोचती केली,” तो म्हणाला. “आठवडाभर लायनीवरच बसून करत हुतो, तुला दावली न्हाय. त्याच्या बायकूनं पिल्लं घेतल्यात नवी. आनि गार्डसायबाच्या बटलरनं बी सांगितलंय. आनखी सिलिपाट आनावं लागनार.”

बजाबाईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. मुकादमाच्या बायकोची पिल्लं तिनं पाहिली होती, पिवळी, मुठीत मावतील अशी. ती त्या काळ्या खणात झोपणार.

“मामंजी,” ती म्हणाली, “ती पेटी म्हागारी आना.”

“का गं?”

तिनं गोळा परातीत ठेवला आणि सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. तेल सुटतं ते, कोंबड्यांचे पाय, चाचांनी परत केलेली टोपली, करडीचं मरण. आणि सकाळी पेटीत अंडी कोण ठेवतं, तेही. खाली बघूनच बोलत होती. बोलणं संपलं तरी मान वर झाली नाही.

 कोंडीबा अंगणात गेला. परत आला तो हत्यारांचं पोतं घेऊन, आणि ते त्यानं आढ्याला टांगलं.

“भाकरी नगं,” म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

बजाबाईनं चूल विझवली. सासऱ्याला दुखवलं, करडीही गेली, आणि हाती काय लागलं, असं तिला वाटत राहिलं. टेंभुर्णीचा निरोप पुन्हा आला तर आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही, असंही वाटलं.

सकाळी म्हातारा घरात नव्हता. भोंगा होऊन गेला, दहाची गाडी गेली, तरी पत्ता नाही. ती दारात येऊन रुळाकडं बघत होती, तेव्हा लांबून तो येताना दिसला. डोक्यावर मुकादमाच्या घरची पेटी. धापा टाकत त्यानं ती उतरवली आणि उंबऱ्याशी बसला. तिनं पाण्याचा तांब्या दिला. तो प्याला नाही.

“मुकादमाच्या बायकूला सांगितलं, चूक झाली म्हनून,” तो म्हणाला. “पिल्लं अजून घातली न्हवती तितं. बरं झालं.”

“व्हय, बरं झालं.”

“मग टोळीकडं गेलो. पोरांचे सदरे काडून खांदे बगितले.” त्यानं तिच्याकडं पाहिलं. “सिदूचे बी तसेच हुते का?”

बजाबाईनं होकाराची मान हलवली.

“मला कदी बोलला न्हाय त्यो.”

“तुमाला सांगू नगं म्हनायचे. तुमी सायबाकडं शब्द टाकून चिकटवलं हुतं त्यास्नी. बापाला वाटंल, पोराला काम झेपंना.”

“टोळीतला एक जन बी ह्येच बोलला.” कोंडीबानं पंच्यानं तोंड पुसलं, मग डोळेही. “मी तिकडं सागवान तासत बसलो. सागवानाचा वास कसा ग्वाड येतो. मला वाटलं, रेल्वेचं लाकूड म्हंजी समदं तसलंच.”

“त्यांचा ताप त्या लाकडाचा न्हवता, मामंजी. डाक्तर बोलला हुता. गावात लई जनांना आला तसला.”

“ठावं हाय मला.” मग त्यानं विचारलं, “तू काय लावायचीस?”

“खोबरेल. आनि वल्लं फडकं.”

“बरं वाटायचं का?”

“झोप लागायची त्यास्नी.”

म्हाताऱ्यानं तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. त्या दिवशी दोघं जेवायला बसली ती सिदूबद्दलच बोलत बसली. तो लहानपणी पंगतीत गुळाचा खडा मुठीत लपवायचा हे तिला नवीन कळलं, आणि लग्नाच्या हळदीत तो रडला होता हे त्याला.

दोन्ही काळ्या पेट्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. नागव्वा म्हणाली, “जाळा, पानी तापंल.” बजाबाईनं नको म्हटलं, असल्या लाकडाच्या धुरावर भाकरी भाजायला तिचा जीव होईना. शेवटी कोंडीबानं त्या पुन्हा डोक्यावर घेतल्या आणि लायनीवरच्या ढिगात नेऊन टाकल्या, जिथलं लाकूड होतं तिथं.

मग तो तिला म्हणाला, “नव्या पेटीचं लाकूड आनाया तू संगं चल. तू सांगशील तेच घेऊ.”

मंगळवारच्या बाजाराला दोघं गेली. जुन्या खोक्यांचा एक दुकानदार होता. कोंडीबानं आता प्रत्येक फळीला नाक लावायचं धोरण धरलं होतं, लोक बघून हसत होते. घासलेटचं खोकं त्यानं लगेच खाली ठेवलं. निळे-तांबडे डाग पडलेलं दुसरं एक खोकं चांगलं जाड होतं. “ह्यात काय आलं हुतं?” त्यानं विचारलं. दुकानदार म्हणाला, “मिलीतल्या रंगखात्याचं असंल. धुऊन घ्या की.” कोंडीबानं नकाराची मान हलवली.

चहाचं खोकं मात्र त्याला आवडलं. हलकं, कोरडं, वासही बरा. आतून चंदेरी पत्रा मढवलेला.

“थंड राहील आत,” तो म्हणाला.

बजाबाईनं पत्र्याची कड नखानं वाकवली. ती मेणासारखी वाकली. “शिसं दिसतंय, मामंजी. आनि चकाकतं त्याला कोंबडी चोच मारल्याबिगर न्हाय ऱ्हात.”

“पत्रा काडून टाकू?”

“तुकडा ऱ्हायला एकादा तर?”

त्यानं खोकं परत केलं. दुकानदार वैतागला. “कोंबड्या बसवायच्यात का राजाची गादी?” तो म्हणाला. कोंडीबा त्याच्याकडं बघून शांतपणे बोलला, “एकदा चुकलोय, बाबा.”

अखेर लाकडाच्या वखारीत आंब्याच्या कडेच्या फळ्या मिळाल्या. कोऱ्या, ना तेल लागलेलं ना रंग. सालीसकट होत्या, म्हणून कुणी घेत नव्हतं. वखारवाल्यानं बजावलं, “आंबा हाय, चार-दोन वर्सांत किडंल.” कोंडीबा म्हणाला, “किडू दे. मी हाय की दुसरी करायला.” हे ऐकताना बजाबाईनं चटकन त्याच्याकडं पाहिलं. पण तो फळ्यांची मापं घेण्यात गुंतला होता.

फळ्या त्यानं आठवडाभर उन्हात तापवल्या. रोज दुपारी जाऊन हात लावायचा, वास घ्यायचा. एका फळीचा तुकडा तर ओला करून दंडावर बांधून बसला, चट्टा उठतो का बघायला. नागव्वा हसून हसून लोळली. तो म्हणाला, “हस की. पर आदी माज्या कातड्यावर बगू दे.” मग साल तासली, कडा रंध्यानं मऊ केल्या, खिळ्यांची टोकं आतून वाकवून ठोकली. ‘वरनं डांबर लावता का, पावसाला?’ असं मुकादमानं विचारलं तेव्हा त्यानं ‘नगं’ म्हणून हात हलवला. पेटीच्या झाकणावर तुरकाठ्यांची ताटी घालून वरून शेणमातीचा गिलावा केला.

आत काय घालायचं, ते बजाबाईनं ठरवलं. नागव्वाचा भाचा मिलीत होता, त्यानं टाकाऊ सुताचं गाठोडं आणून दिलं, कापसासारखं मऊ. कोंडीबाला ते फार पसंत. पण लहानपणी माहेरी एका पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळलेला तिनं पाहिला होता. पाय काळा पडून गळाला होता. सूत परत गेलं. शेंगांची टरफलं दमट निघाली, आतून बुरशीचा वास. मग कडब्याची कोरडी सरमडं बारीक करून घातली आणि पिसवा होऊ नयेत म्हणून खाली थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला.

कोंबड्या लगेच आल्या नाहीत. पेटी अंगणात ठेवली, आणि त्या तिच्यापासून लांबून चालत राहिल्या. त्यांना लाकूड म्हटल्यावर तोच जाच आठवत असेल. कोंडीबा रोज सकाळी झाकण उघडायचा, रिकामं बघायचा आणि हळूच लावायचा. बजाबाईच्या मनात एकदा आलं, नागव्वाकडचं एक अंडं आणून ठेवावं. फक्त एकदा, म्हाताऱ्याचा धीर राहावा म्हणून. तिनं अंडं उचललंही होतं. मग परत टोपलीत ठेवलं.

“बसतील,” ती त्याला म्हणाली. “त्यांच्या मनानं बसतील.”

चैत्र लागताना एका दुपारी काळी कोंबडी दांडीवर चढली. कितीतरी वेळ आत डोकावली. मग कडेच्या खणात शिरली आणि सरमडं पायानं उकरून खळगा करू लागली. सासरा-सून दोघंही दाराआड उभी होती. कोंबडी बाहेर आली आणि केकाटत अंगणभर फिरली, तेव्हा कोंडीबा जाऊन बघून आला. त्यानं अंडं उचललं नाही. नुसता हात लावला आणि म्हणाला, “ऊन हाय.”

महिन्याभरात तीच काळी रवणाला बसली. चाचांकडं पुन्हा टोपली जाऊ लागली. मुकादमाच्या बायकोला आंब्याची पेटी मिळाली, बटलरलाही. दर पेटीच्या वेळी कोंडीबा लाकूड आणायच्या आधी बजाबाईला बोलवायचा, आणि दोघं फळीला नाक लावायची.

पिल्लं निघाली त्या दिवशी तो सकाळपासून पेटीपुढं उकिडवा बसून होता. एकामागून एक ओली पिल्लं कोंबडीच्या पंखाखालून डोकं काढत होती. दुपारपर्यंत निघायची ती निघाली. काही अंडी तशीच राहिली, थंडगार. कोंडीबानं त्यातलं एक कानाशी धरून हलवलं. त्याचा चेहरा उतरला.

“बजा,” तो म्हणाला, “ही का न्हाय फुटली? लाकडात काय ऱ्हायलं असंल का?”

बजाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. न फुटलेलं अंडं तिनं त्याच्या हातातून घेतलं, उजेडाकडं धरलं, वास घेतला. लपवायचं असं काही नव्हतंच.

“न्हाय, मामंजी. लाकूड चांगलं हाय. समदी अंडी फुटत्यात असं कुटं आस्तं? माज्या आईची बी तेवढी ऱ्हायचीच.”

“खरं सांगतीस?”

“खरं सांगते.”

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, मग मान डोलावली. पेटीच्या दांडीवर एक पिल्लू चढायला धडपडत होतं आणि घसरत होतं. “दांडी उंच झाली,” तो पुटपुटला, आणि पिल्लांसाठी उतरती फळी मारायला म्हणून हातोडी शोधायला उठला.